मकबऱ्याचा फोटो आणि मॅटीची घरं

मोबाइलवर काढलेला १२ मेगापिक्सलचा फोटो जसाच्या तसा क्रॉस स्टिचमध्ये भरायचा म्हटलं, तर कापड जवळजवळ २४ फूट लांब आणि १८ फूट रुंद लागेल. टाके पडतील एक कोटी वीस लाख. हिशोब सोपा आहे. अशा फोटोत आडवे ४००० आणि उभे ३००० ठिपके असतात. या ठिपक्यांना पिक्सल म्हणतात, आणि आपल्या कामात एक पिक्सल म्हणजे एक फुली. १४ काउंटच्या कापडावर एका इंचात १४ फुल्या बसतात. ४००० भागिले १४ म्हणजे २८५ इंच. रुखवतात हे मांडायचं तर मंगल कार्यालयाची एक अख्खी भिंत राखून ठेवावी लागेल.

म्हणून फोटोचा ग्राफ, म्हणजे घरं मोजून भरायचा नकाशा, करणं हे मुळात कमी करण्याचं काम आहे. टाके कमी, रंग कमी, बारकावे कमी. अ‍ॅप आणि वेबसाइट हे चुटकीसरशी करून देतात, पण काय कमी करायचं हे त्यांना कळत नाही. त्यांच्या लेखी आजीचं नाक आणि आजीच्या मागची भिंत सारखीच. दोन्हीकडून सारखंच छाटलं जातं. छाटायचं काय हे आपण आधी ठरवलं, तर त्याच फुकटच्या अ‍ॅपमधून भरण्याजोगा ग्राफ निघतो. नाही ठरवलं, तर ४० रंगांची यादी हातात येते आणि काम अर्ध्यावर कपाटात जातं.

आधी कापड मोजा

फोटो कोणता घ्यायचा ते नंतर बघू. तयार चित्र केवढं हवं आणि ते कोणत्या कापडावर, हे आधी ठरवायचं. आयडा, म्हणजे क्रॉस स्टिचसाठी ठरावीक घरांनी विणलेलं कापड, घेतलं तर ११, १४, १६, १८ असे काउंट ठरलेले असतात. काउंट म्हणजे एका इंचातली घरं. पण छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीत काय किंवा जालना-परभणीच्या बाजारात काय, मीटरवर मिळणाऱ्या मॅटीचा, म्हणजे घरं दिसणाऱ्या भरतकामाच्या कापडाचा, काउंट सहसा कुणी सांगत नाही. पट्टी लावून आपणच मोजायचा, तोही आडवा आणि उभा असा दोन्हीकडून. ताण्याची आणि बाण्याची घरं दरवेळी सारखी भरत नाहीत. समजा आडव्या १० इंचांत ११० घरं भरली आणि उभ्या १० इंचांत १०२, तर प्रत्येक घर किंचित उभट झालं. मग गोल घुमट लांबुडका दिसतो आणि चेहरा उतरल्यासारखा. एका इंचावर मोजलं तर हा फरक हाती लागत नाही. चार-पाच इंच तरी मोजा. फरक निघालाच तर ग्राफमध्ये उभी घरं त्या प्रमाणात कमी धरायची, बस.

आता १० बाय ८ इंचांची फ्रेम आणि १४ काउंटचं कापड धरू. १४० गुणिले ११२, म्हणजे १५,६८० फुल्या. मोबाइलच्या फोटोतले सातशेहून जास्त पिक्सल मिळून एक फुली तयार होणार. हा आकडा डोक्यात ठेवला की फोटोकडे बघायची नजरच बदलते. दुसरा हिशोब धाग्याचा. आठ मीटरच्या सहापदरी लडीतून दोन पदर घेऊन भरलं, तर वाया जाणारं धरून अंदाजे दीड-दोन हजार फुल्या निघतात. नुसत्या धाग्याच्या मापाने या चित्राला दहाएक लड्या पुरल्या असत्या. पण ग्राफमध्ये ३० रंग आले तर ३० लड्या घ्याव्या लागतात आणि त्यातल्या बहुतेक अर्ध्याहून जास्त उरतात. रंग कमी करण्यात डोळ्यांचा फायदा आहेच, खिशाचाही आहे. कापड मात्र चारही बाजूंनी तीन-तीन इंच जास्त घ्या, फ्रेमवाल्याला ताणायला लागतं.

फोटो कुठून आणायचा

सगळ्यात चांगला फोटो आपण स्वतः काढलेला. हक्काचा प्रश्न उरत नाही, आणि जमलं नाही तर पुन्हा काढता येतो.

लोक विचारतात, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो चालेल का? व्हॉट्सअ‍ॅप फोटो लहान करून पाठवतं हे खरं, पण १४० फुल्यांसाठी तो लहान केलेला फोटोही पुष्कळ मोठा असतो. अडचण वेगळीच असते. फोटो केवढा आहे यापेक्षा आपल्याला हवी ती गोष्ट त्या फोटोत केवढी आहे, हे बघावं लागतं. बारशाच्या ग्रुप फोटोत तिसऱ्या रांगेतल्या मावशींचा चेहरा जेमतेम ६० पिक्सल रुंद असेल, तर तो मोठा करून त्यातून १०० फुल्यांचा चेहरा निघणार नाही. मोठा केलेला फोटो म्हणजे पसरलेला फोटो. नवीन काही त्यात येत नाही. चेहरा ओळखू यावा असं वाटत असेल तर माझ्या मते त्याला किमान ६०-७० फुल्यांची रुंदी द्यावी, आणि मूळ फोटोत तो त्याच्या चौपट तरी असावा.

जुने ब्लॅक अँड व्हाइट फोटो या कामाला उत्तम. पाच-सहा करड्या छटांमध्ये आख्खा माणूस उभा राहतो. झेरॉक्सच्या दुकानात स्कॅन करून घेताना ३०० डीपीआय (एका इंचात ३०० ठिपके) सांगा, पासपोर्ट साइज असेल तर ६००. फ्रेममधून आधी बाहेर काढा, काचेवरून काढलेल्या फोटोत ट्यूबलाइट येते. मासिकातलं छापील चित्र स्कॅन करायचं असेल तर लक्षात ठेवा, छपाई हीसुद्धा बारीक ठिपक्यांचीच असते. त्या ठिपक्यांची आणि आपल्या घरांची टक्कर झाली की चित्रावर जाळीसारखे पट्टे उमटतात. आधी चित्र किंचित धूसर करून घेतलं की ते जातात.

नेटवरून घ्यायचं असेल तर विकिमीडिया कॉमन्सवर प्रत्येक चित्राखाली वापराची अट लिहिलेली असते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०१७ साली आपल्या संग्रहातल्या, हक्क संपलेल्या कलाकृतींचे फोटो सगळ्यांसाठी खुले केले; त्यांत भारतीय लघुचित्रं पण आहेत. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत हक्क राहतो, आणि २०१२ च्या दुरुस्तीपासून फोटोलाही हाच नियम, काढणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. राजा रविवर्मा १९०६ साली वारले, त्यांची लक्ष्मी-सरस्वती खुशाल भरा. कॅलेंडरवरचे आजचे देव मात्र कुणाच्या तरी हक्काचे असतात, कार्टूनची पात्रं तर नक्कीच. घरात लावायला एक भरणं वेगळं आणि बचत गटाच्या स्टॉलवर तेच विकायला मांडणं वेगळं. वेरूळचं कैलास, बीबी का मकबरा, देवगिरीचा किल्ला यांच्या बाबतीत इमारतीवर हक्क सांगणारं कुणी नाही. पण त्यांचा दुसऱ्याने काढलेला फोटो दुसऱ्याचाच.

अजिंठ्याचं तेवढं अवघड आहे. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी भरावा असं पुष्कळांच्या मनात असतं. लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. पण अंधारात मोबाइल फोटो उजळवतो तेव्हा त्यात रंगीत कण येतात, आणि ग्राफमध्ये त्या कणांच्या सुट्या-सुट्या फुल्या होतात. त्यापेक्षा जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या कलाशाळेतल्या त्यांच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या प्रतींची चित्रं बघा. १८८५ साली लंडनच्या आगीत त्यातल्या बऱ्याच मूळ प्रती जळाल्या, पण १८९६-९७ मध्ये ग्रिफिथ्सनी त्या कामावर छापलेले दोन मोठे खंड आज हक्कमुक्त आहेत. चित्रकाराच्या हाताने रेषा आधीच मोकळ्या केलेल्या असल्याने त्यांचा ग्राफ जास्त स्वच्छ निघतो.

आणि एक. 'क्रॉस स्टिचचा ग्राफ दे' असं एआयला सांगून निघणारी चित्रं दिसायला टाक्यांसारखी असतात, पण जवळ जाऊन मोजलीत तर घरं एका मापाची नसतात. कुठे दीड घर, कुठे अर्धं. ती मोजून भरता येत नाहीत. एआयचं चित्र वापरायचंच असेल तर साधं चित्र म्हणून घ्या आणि ग्राफ स्वतः करा.

मकबऱ्याचं उदाहरण

बीबी का मकबरा क्रॉस स्टिचला सोपा वाटतो. मधे घुमट, चार मिनार, सगळं पांढरं. फोटो अ‍ॅपमध्ये टाकला की भलतंच होतं: आभाळात निळ्या-करड्याचे दहा-बारा रंग पडतात आणि मकबऱ्याला तीनच मिळतात. अ‍ॅपने काही चूक केलेली नसते. फोटोत सगळ्यात जास्त जागा आभाळाची, म्हणून सगळ्यात जास्त रंग आभाळाला. शिवाय एप्रिल-मे महिन्यांतल्या दुपारी आपल्याकडचं आभाळही पांढुरकं असतं, त्यामुळे घुमटाची कड त्यात विरघळून जाते.

मी हे असं करते. फोटो सकाळी लवकर किंवा ऊन कललं की काढायचा, म्हणजे घुमटाच्या एका अंगाला सावली पडते आणि तो गोल दिसतो. पायथ्याशी उभं राहून फोन वर केला की मिनार आतल्या बाजूला झुकतात, म्हणून लांबून काढायचा. तरीही झुकलेच तर स्नॅपसीड या फोटो सुधारायच्या प्रोग्रॅममधल्या पर्स्पेक्टिव्हने सरळ करायचे. मग कापायचा. मोबाइलच्या फोटोचं प्रमाण ४ ला ३ असतं आणि आपली फ्रेम ५ ला ४ आहे, तेव्हा रुंदीतून थोडं जाणारच. समोरची पर्यटकांची गर्दी, झाडं, दिव्याचे खांब यातलं काय ठेवायचं ते आत्ताच ठरवायचं. मी झाडं ठेवते, खांब पुसते.

आभाळ पूर्ण उडवायचं. फोटोतलं आभाळ निवडून त्या जागी एकच सपाट रंग भरायचा, आणि तो रंग धाग्याने भरायचाच नाही. फिकट निळं किंवा बदामी कापड घ्यायचं आणि आभाळाच्या जागी कापडच दिसू द्यायचं. १५,६८० मधल्या निम्म्या फुल्या तिथेच वाचतात आणि पांढरा मकबरा उठून दिसतो. पांढऱ्या कापडावर पांढरा घुमट भरण्याचा हट्ट का धरतात मला कळत नाही.

मग पांढऱ्याचे रंग. मकबऱ्याचा घुमट संगमरवरी आहे, पण भिंतींचा बराच भाग चुन्याच्या गिलाव्याचा आहे आणि तो जागोजागी काळवंडलाय. कॅमेरा ते सगळं इमानदारीने टिपतो. डागांसाठी पाच रंग खर्चायचे की नाहीत? मी नाही खर्चत. पांढरा, मळका पांढरा, सावलीसाठी दोन करडे, कमानींच्या आतल्या अंधारासाठी एक गडद, असे पाच पुरतात. झाडांना दोन हिरवे. झाले सात.

शेवटची गंमत मध्यरेषेची. मकबरा डावी-उजवीकडे सारखा आहे, म्हणून अर्धाच ग्राफ नीट करायचा आणि आरशासारखा उलटवून दुसरी बाजू जोडायची. पण त्यासाठी रुंदी विषम हवी. १४० घरं घेतली तर बरोबर मधे घर येत नाही, रेघ येते. कळसाचं टोक मग दोन फुल्यांचं करावं लागतं किंवा एका बाजूला सरकतं. १३९ घ्या. कळस एका फुलीवर बसतो.

रंग कमी करताना

संगणकावरच्या चित्रात एक कोटी ६७ लाख रंग असू शकतात. डीएमसी कंपनीच्या धाग्यात ५०० च्या आसपास आहेत, आणि जवळच्या दुकानात अँकर कंपनीच्या त्याहून कमी छटा मिळतील. जवळच्या रंगाला जवळचा धागा लावायचं काम प्रोग्रॅम करतो. त्यात डिदरिंग नावाची एक सोय असते, ती आधी बंद करा. रंग कमी असले की मधली छटा भासावी म्हणून प्रोग्रॅम दोन रंगांचे ठिपके एकमेकांत शिंपडतो. पडद्यावर ते छान दिसतं. भरताना मात्र एक फुली गुलाबी, शेजारची बदामी, त्यापुढची पुन्हा गुलाबी, आणि दर फुलीला धागा बदलायचा. चित्राची मागची बाजू बघवत नाही.

घरी संगणक असेल तर जिंप हा फुकटचा प्रोग्रॅम पुरतो. फोटो कापून झाला की आधी उजेड-अंधाराचा फरक थोडा वाढवा, मग स्केल इमेजमध्ये जाऊन रुंदी १३९ करा. या क्रमाला कारण आहे: लहान केल्यावर सुधारायला काही शिल्लक राहत नाही. त्यानंतर मोडमध्ये इंडेक्स्ड निवडा, रंगांची संख्या लिहा, डिदरिंग नको असं सांगा. आता चित्र ८०० टक्के मोठं करून बघितलं की घरं दिसतात. इथून पुढचं काम हाताने, आणि हे काम कुणी टाळू नये. ब्रश न घेता पेन्सिल घ्यायची, ती घर पूर्ण भरते. एकटी पडलेली फुली दिसली की शेजारच्या रंगात मिसळायची. एखाद्या रंगाच्या वीससुद्धा फुल्या नसतील, तर त्याच्यासाठी लडी आणायची का हे स्वतःला विचारायचं. अपवाद डोळ्यांचा. डोळ्यातला उजेडाचा पांढरा ठिपका ही एकच फुली असते, आणि ती गेली की चेहरा निर्जीव होतो. ती राखायची, गेली असेल तर हाताने घालायची.

फोनवरच करायचं असेल तर पिक टू पॅट किंवा स्टिच फिडलसारख्या साइट आहेत. त्यांना कच्चा फोटो देण्याऐवजी वर सांगितलेली कापाकापी करून मगच द्या.

रंगाचा नंबर कागदावर आला तरी धागा दिवसाउजेडी दारात नेऊन बघा. फोनचा पडदा रात्री पिवळट होतो, दुकानातली ट्यूब निळसर असते. दोन छटा शेजारी धरून हातभर लांबून वेगळ्या दिसत नसतील तर एकच घ्या.

पैठणीची जर

पदरावरचा मोर किंवा आसावली फोटोवरून भरायची असेल तर अ‍ॅपच्या भरवशावर राहू नका. जर चमकते. उजेड पडलेल्या जागी ती कॅमेऱ्याला पांढरी दिसते, कलत्या जागी सोनेरी, घडीत तपकिरी, म्हणजे विणकराने वापरलेल्या एका जरीचे ग्राफमध्ये सहा रंग होतात. फोटो खिडकीजवळ, ऊन थेट पडणार नाही असा काढा, पदर सपाट पसरून आणि फोन बरोबर वरून धरून. मग सगळी जर एका जुनसर सोनेरी रंगात बुडवा.

खरं तर पैठणीचा मोर आधीच मोजून विणलेला असतो. विणकर धागे मोजून रंग बदलतो, त्यामुळे नक्षीच्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्याच असतात. फोटो फिकट करून मागे ठेवायचा, वर घरांची जाळी, आणि ठिपक्यांच्या रांगोळीसारखी आकृती आपण बसवत जायची. तासाभराचं काम आहे, पण मोराची मान मानेसारखी येते.

नावं आणि अक्षरं

तोरणावर 'सुस्वागतम्' किंवा रुखवताच्या चौकटीत वधू-वरांची नावं हवी असतात. संगणकावर टाइप करून अक्षर लहान केलं की कडेला करड्या फुल्या येतात, कारण फॉन्ट गुळगुळीत दिसावा म्हणून काळ्या-पांढऱ्याच्या मधल्या छटा भरलेल्या असतात. त्या काढल्या तरी अडचण संपत नाही. इंग्रजी अक्षर पाच घरांच्या उंचीत बसतं, आपलं नाही बसत. शिरोरेषेला एक ओळ, खाली अक्षराला सात, वरच्या मात्रा-वेलांटीला तीन, खालच्या उकाराला तीन. अशा १४ ओळी धरल्या तर कुठलंही नाव बसतं. १४ काउंटवर तो एक इंच झाला.

कंजुषी केली तर पहिला बळी 'ब'चा जातो. 'ब'च्या पोटात तिरकी रेघ असते आणि तिला आत निदान तीन बाय तीन मोकळी घरं लागतात. ती नसली की 'ब'चा 'व' होतो आणि बाळासाहेबांचं वाळासाहेव. 'ष'चा 'प' असाच होतो. जागा नसेलच तर पोट मोकळं ठेवा आणि ती तिरकी रेघ शेवटी एका पदराने बॅकस्टिचने, म्हणजे रेघेसारख्या सलग टाक्याने, घाला. जोडाक्षरं आधी ग्राफ पेपरवर पेन्सिलीने काढून बघावीत. 'श्री' तर दोन-तीनदा.

जपून ठेवताना, छापताना

तयार ग्राफ पीएनजी म्हणून सेव्ह करा, जेपीजी म्हणून नको. जेपीजी जागा वाचवण्यासाठी चित्राचे ८ बाय ८ पिक्सलचे तुकडे पाडून त्यातला तपशील दाबतं. मोठ्या फोटोत ते जाणवत नाही, पण ग्राफमध्ये सात रंगांचे बघता बघता शेकडो होतात. मैत्रिणीला पाठवतानाही व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. रंग कमी करण्याआधीची प्रत वेगळ्या नावाने ठेवा, दुसऱ्या मापात करायची वेळ आली की तीच लागते.

प्रिंट काळी-पांढरी चालते, दर रंगाला वेगळं चिन्ह दिलेली असेल तर. फक्त जवळजवळच्या रंगांना गोल आणि शून्य अशी जुळी चिन्हं पडली असतील तर बदलून घ्या, संध्याकाळच्या उजेडात ती एकच दिसतात. दर दहा घरांनी जाड रेघ हवीच. चार पानांवर ग्राफ येत असेल तर झेरॉक्सवाल्याला 'फिट टू पेज' काढून शंभर टक्के मापात द्यायला सांगा, नाहीतर पानं एकमेकांना जुळत नाहीत. आणि पहिली फुली कापडाच्या मधोमध: कापड दोनदा दुमडून जिथे घडी येईल तिथे रंगीत दोऱ्याची खूण करायची, ग्राफवरही मधलं घर लाल पेनाने गोल करायचं.